एफएमवरच्या रॅपमधले शब्द कुठे गेले?

नागपुरात चहाच्या टपरीवर गाण्यांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, एफएमवरचं रॅप आता निव्वळ बडबड झालंय, पूर्वी शब्दांत दम होता. तक्रार अर्धी खरी आहे. पण हे ‘पूर्वी’ म्हणजे कोणतं साल, असं विचारलं की पंचाईत होते. आपल्याकडच्या रेडिओवर तो काळ कधी आलाच नव्हता. घसरणीची कहाणी मुळात अमेरिकेतली, आणि रॅपसोबत ती तक्रारही आपल्याकडे आली.

रॅप ज्यातून आलं त्या हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३चा मानतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कने एका पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तो हा दिवस. १९७९मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ हे रॅप गाणं गाजलं. मूळ गाणं चौदा मिनिटांच्या वर, त्यामुळे रेडिओसाठी त्याची छोटी आवृत्ती निघाली. कात्री पहिल्याच हिटपासून हातात होती म्हणायची! तरीही १९८२चं ‘द मेसेज’ तुटक्या काचा आणि उंदीर-झुरळांची वस्ती घेऊन थेट लोकांच्या घरात शिरलं. खरा बदल अमेरिकेच्या १९९६च्या दूरसंचार कायद्याने झाला. त्याआधी एका कंपनीला देशभरात जास्तीत जास्त ४० रेडिओ केंद्रं ठेवता येत, ती मर्यादा उठली. काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे १,२००च्या वर केंद्रं जमली. कोणतं गाणं लागणार हे मुख्यालयात ठरू लागलं आणि गल्लीतल्या पोराची रेकॉर्ड रात्री लावून बघणाऱ्या स्थानिक डीजेची सत्ता गेली. लिहिणारे मात्र संपले नाहीत. २०१८चं संगीताचं पुलित्झर, म्हणजे तिथला मानाचा पुरस्कार, केंड्रिक लामारच्या रॅप अल्बमला मिळालं, ते उगाच नाही.

आपल्याकडचा प्रवास वेगळा. १९९२मध्ये बाबा सहगलचं ‘ठंडा ठंडा पानी’ घराघरांत पोचलं ते कॅसेट आणि टीव्हीवरून. खासगी एफएम तेव्हा नव्हतंच आणि ते गाणंही शुद्ध गंमत होतं. नागपुरात आकाशवाणी १९४८पासून आहे. मिर्ची, रेडिओ सिटी, माय एफएम ही मंडळी आली ती खासगी एफएमसाठीच्या २००५च्या दुसऱ्या टप्प्याच्या सरकारी धोरणानंतर. त्यांचा धंदा जाहिरातीवर, आणि गाणी बहुतेक हिंदी सिनेमाची. त्यामुळे रॅप आपल्या रेडिओवर पाहुणा म्हणूनच आलं: मुखडा झाला, अंतरा झाला, मध्ये रॅपरचे आठ बार, म्हणजे तालाची आठ आवर्तनं.

आठ बारांत काय मावतं? एका बारात चार ठोके, म्हणजे आठ बारांचे बत्तीस. मिनिटाला ९० ठोक्यांच्या चालीत ते वीस-बावीस सेकंदांत संपतात. तेवढ्यात रॅपरला स्वतःचं नाव घ्यायचं, शहराचं नाव घ्यायचं, गाडी, चष्मा, पार्टी उरकायची. विचार मांडायला जागाच ठेवलेली नाही. रॅपर आळशी आहे म्हणणं सोपं, पण त्याच्याकडून जे मागवलं तेच त्याने पुरवलं.

मधल्या काळात चर्चा भलतीकडेच गेली. इंटरनेटवर फिरणाऱ्या अश्लील गाण्यांवरून नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्यात रॅपर यो यो हनी सिंगविरुद्ध गुन्हा दाखल झाला. आरोप त्याने नाकारला आणि २०२२मध्ये आवाजाच्या नमुन्यासाठी त्याला नागपुरात यावं लागलं. गाजावाजा बराच झाला. पण रेडिओवर अश्लीलता हा मुख्य प्रश्न नव्हताच. खासगी एफएमला आकाशवाणीची कार्यक्रम संहिता लागू आहे, शिव्या तिथे गाळल्याच जातात. ही संहिता राजकीय टीकेलाही जपून राहायला लावते, आणि स्वतःच्या बातम्या देण्याची तर या केंद्रांना परवानगीच नाही. शिवी गेली तशी चीडही गेली. मग उरतो तो गुळगुळीत माल, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे आहे.

विदर्भात तालावर शब्द फेकणं नवं नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात एकाने शक्ती थोर म्हणायची, दुसऱ्याने शिव, आणि डफावर रात्रभर सवाल-जवाब. ज्याला उत्तर सुचलं नाही तो हरला. खडी गंमत या लोकनाट्यातला शाहीर, तुकडोजी महाराजांची खंजिरी, गावोगावची भीमगीतं, सगळीकडे वजन शब्दाला. नागपूरच्या मारबतीच्या, म्हणजे वाईटाच्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांना शहराबाहेर काढतात, तेही त्याच घराण्यातलं. वऱ्हाडी बोली या कामाला फार सोयीची आहे. नमुन्यादाखल मीच जुळवलेल्या दोन ओळी (बर्डी म्हणजे नागपूरचा सीताबर्डी बाजार):

बर्डीवर शटर पडते, उधारीचं मॅटर नडते,
पंखा फिरत नाई घरात, तरी मीटर वर चढते.

यात शेवटी एक यमक आहे, आणि शटर-मॅटर-मीटर असं दुसरं पोटात चालतं. रॅपमध्ये कारागिरी म्हणतात ती हीच. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरने हीच बोली आणि जातीचा प्रश्न टीव्हीवरच्या ‘हसल’ या रॅप स्पर्धेपर्यंत नेला. त्याआधी, २०१५मध्ये, मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांचं ‘मेरे गली में’ यूट्यूबवरून पसरलं. २०१९मध्ये या दोघांच्या आयुष्यावरून ‘गली बॉय’ सिनेमा बेतला तेव्हा कुठे रेडिओ जागा झाला, आणि वाजवलं काय, तर सिनेमाचं गाणं!

यात कोणाचा कट वगैरे नाही. साखळीतल्या केंद्राची गाण्यांची यादी बहुतेक वरून येते आणि ती मोठ्या म्युझिक कंपन्यांच्या कॅटलॉगमधून भरते. नागपूरच्या जरीपटक्यातल्या किंवा इंदोऱ्यातल्या पोराने मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं गाणं त्या कॅटलॉगमध्ये नसतं. नागपूरच्या आरजेला ते कितीही आवडलं तरी तो फार तर स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकू शकतो.