कागदावरच्या क्रूझर: 'स्प्रिंगशार्प'च्या मागचा इतिहास

'स्प्रिंगशार्प' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. वाफेवर चालणाऱ्या आणि तोफांनी लढणाऱ्या युद्धनौकांचा, म्हणजे साधारण 1850 ते 1950 या काळातल्या जहाजांचा, प्राथमिक आराखडा त्यात करता येतो. लांबी, रुंदी, तोफा, चिलखताची जाडी, वेग, पल्ला आणि बांधणीचं साल भरायचं. अश्वशक्ती किती लागेल, सांगाडा ताण सोसेल का, वादळी समुद्रात तोफा चालवता येतील का, याचा अहवाल लगेच समोर येतो. हौशी लोक यात कधीच न बांधलेली जहाजं रचतात. 1900 ते 1915 च्या दरम्यानची लाइट क्रूझर हा त्यातला खास अवघड प्रकार, कारण तिथे हिशेब कुठेच सैल सुटत नाही.

हा प्रकार जन्मला टॉर्पेडोमुळे. रॉबर्ट व्हाइटहेडने 1866 मध्ये स्वयंचलित टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून आपोआप धावत जाऊन जहाजावर फुटणारं अस्त्र, बनवला. त्यानंतर छोट्या टॉर्पेडो बोटी आल्या आणि 1890 च्या दशकात त्यांना हुसकावणाऱ्या विनाशिका. या विनाशिकांचं नेतृत्व करायला, आणि रडार नसलेल्या काळात क्षितिजापलीकडे डोकावून शत्रूची खबर आणायला, मधल्या आकाराचं वेगवान जहाज हवं होतं.

ब्रिटिश नौदलाने 1902 मध्ये अशा 'स्काउट'साठी अटी ठरवल्या: 25 नॉट (तासाला सुमारे 46 किलोमीटर) वेग, संरक्षक डेक, म्हणजे यंत्रणेवरचं चिलखती छत, आणि 12 पौंडी, म्हणजे सुमारे 12 पौंड वजनाचा गोळा फेकणाऱ्या, तोफा. आराखडा मात्र स्वतः केला नाही. व्हिकर्स, आर्मस्ट्राँग, फेअरफील्ड आणि कॅमल लेअर्ड या चार खासगी कंपन्यांनी आपापल्या बुद्धीने प्रत्येकी दोन जहाजं बांधली. अटी सारख्याच, तरी चार घराण्यांची जहाजं चार तऱ्हेची निघाली. आज सॉफ्टवेअरवर एकच अट घालून चार जणांना बसवलं तर नेमकं हेच होतं. वेग गाठला, पण 12 पौंडी तोफा लवकरच तोकड्या पडल्या आणि 1911-12 च्या सुमारास त्या काढून 4 इंची तोफा बसवाव्या लागल्या. सॉफ्टवेअरमध्ये हा बदल एका रकान्याचा आहे.

या सगळ्या गणिताचा पाया विल्यम फ्रूडने घातला. इंग्लंडमधल्या टॉर्की इथे त्याने लांबलचक हौद बांधला आणि 1872 पासून त्यात मेणाच्या प्रतिकृती ओढून पाण्याचा विरोध मोजला. मूळ जहाजापेक्षा 16 पट लहान प्रतिकृती असेल तर तिला मूळ वेगाच्या एक चतुर्थांश वेगाने ओढायचं, म्हणजे लाटांचा आकृतिबंध तोच राहतो. कुठलंही जहाज स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकतं, आणि लांबीच्या मानाने वेग वाढला की ही लाट भयंकर महाग पडते.

किती महाग, ते आकड्यांत पाहू. स्काउट जहाजं जेमतेम 2,900 टनांची होती आणि 25 नॉटसाठी त्यांना 16 ते 17 हजार अश्वशक्ती लागे. पुढे 1912 मध्ये काम सुरू झालेली 'अरेथुसा' वर्गातली क्रूझर साडेतीन हजार टनांच्या आसपास होती आणि तिला 28.5 नॉट हवे होते. जुना ठोकताळा असा, की शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तो लावला आणि वाढीव वजन धरलं तरी उत्तर 28 हजारांच्या पलीकडे फारसं जात नाही. प्रत्यक्षात मंजूर झाली 40 हजार. मधली तफावत बहुतेक लाटेची, आणि थोडी त्या काळच्या टर्बाइनची, म्हणजे वाफेच्या झोताने गरगरणाऱ्या इंजिनाची: टर्बाइनला जोराने फिरायला आवडतं, जहाज ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला सावकाश, आणि दोघांना एकाच दांड्यावर बांधलेलं. एवढी यंत्रणा त्या छोट्या पोटात मावली ती विनाशिकांच्या धर्तीची हलकी इंजिनं आणि कोळशाऐवजी निव्वळ तेल वापरल्यामुळे. बाजूचं 3 इंची चिलखतही सांगाड्याच्या ताकदीत धरलं गेलं, नुसतं ओझं म्हणून लटकवलं नाही. माझ्या मते हा त्या काळातला सर्वांत हुशार सौदा आहे. 'बांधणीचं साल' हा रकाना कळीचा आहे तो यासाठीच. तेच जहाज 1902 सालात टाकलं तर इंजिनंच सगळं वजन खाऊन टाकतात.

इंजिनांचा प्रश्न अमेरिकनांनी थेट समुद्रावर सोडवायचं ठरवलं. 1908 मध्ये त्यांच्या नौदलात तीन जुळी स्काउट क्रूझर दाखल झाली: 'बर्मिंगहॅम'मध्ये दट्ट्याची इंजिनं, 'चेस्टर'मध्ये पार्सन्सची टर्बाइन, 'सालेम'मध्ये कर्टिसची. तिघींच्या चाचण्यांत 'चेस्टर' 26 नॉटच्या वर गेली. 

काल्पनिक जहाज हे हौशी लोकांचं खूळ आहे असं वाटत असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. इटलीच्या व्हित्तोरिओ कुनिबेर्तीने 1903 मध्ये फ्रेड जेनच्या जगभरच्या युद्धनौकांवरील वार्षिकात ब्रिटनसाठी 12 इंची 12 तोफांच्या 'आदर्श' युद्धनौकेची कल्पना मांडली. तशाच मोठ्या तोफांची ब्रिटिश युद्धनौका 'ड्रेडनॉट' त्यानंतर तीन वर्षांनी पाण्यात उतरली. दुसरी गोष्ट अमेरिकन नौदलाच्या रचना विभागाची. 1911 ते 1925 या काळातल्या त्यांच्या प्राथमिक आराखड्यांचा एक संग्रह आहे, नाव 'स्प्रिंग स्टाइल्स', वसंतातल्या नव्या फॅशनच्या कपड्यांसारखं. नौदलाच्या जनरल बोर्डापुढे, म्हणजे सल्लागार अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे, ठेवलेले हे पर्याय: तोफा वाढवल्या तर वजन किती, वेग कमी केला तर बचत किती. बहुतेक जहाजं कधीच बांधली गेली नाहीत. 1914 ते 1922 या विभागाचा प्रमुख होता डेव्हिड टेलर, ज्याने वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचा प्रतिकृतींचा हौद उभारला होता. आजच्या हौशींशी तुलना केली तर फरक वेळेचा आहे. तेव्हा स्लाइड रूल (गणिताची सरकपट्टी) घेऊन माणसं आकडे जुळवत बसत.

त्या पर्यायांतून जे प्रत्यक्षात आलं त्यात 'ओमाहा' वर्गाच्या दहा क्रूझर होत्या. साधारण 7 हजार टन, 35 नॉट वेग, आणि आधी ठरलेल्या तोफांवर बांधणी चालू असताना आणखी तोफांची भर. परिणामी वजन वाढलं, जहाज खाली बसलं आणि मागच्या बाजूच्या खालच्या तोफा लाटांनी इतक्या भिजत की पुढे त्या काढून टाकाव्या लागल्या.