पंपावरचे लिटर आणि कोरलच्या अंगावरचं पाणी

वाशी असो की नौपाडा, मरिन टँकचं, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे-कोरल पाळायच्या काचेच्या टाकीचं, सामान ठेवणाऱ्या दुकानात पंप मागितला की पहिला प्रश्न येतो, "किती लिटरचा देऊ?" गिऱ्हाईकही हिशेब करूनच आलेलं असतं. टँकमध्ये दोनशे लिटर पाणी, ते तासाला पन्नास वेळा फिरायला हवं असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणजे दहा हजार लिटर. आकडा जुळतो, पंप पिशवीत पडतो. माझं म्हणणं असं, की रीफ टँकसाठी, म्हणजे कोरल वाढवायच्या टँकसाठी, पंप निवडताना हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. कोरलला महत्त्वाचा असतो तो त्याच्या अंगावरून जाणाऱ्या पाण्याचा वेग आणि त्या वेगात होत राहणारा बदल. खोक्यावर छापलेल्या लिटरवरून त्यातलं फारसं काही कळत नाही.

कोरल, म्हणजे प्रवाळ, हा प्राणी आहे आणि तो जन्मभर एका जागी चिकटून बसतो. ऑक्सिजन, अन्नाचे कण, सांगाडा बांधायला लागणारं कॅल्शियम, सगळं पाण्यानं त्याच्यापर्यंत आणायचं आणि त्यानं टाकलेलं पाण्यानंच वाहून न्यायचं. पण कुठल्याही घन पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर उभा असतो. या थरातून रेणू फक्त विसरणानं, म्हणजे दाटीकडून विरळ जागेकडे आपोआप पसरत, पुढे सरकतात, आणि पाण्यातलं विसरण अतिशय संथ असतं. एक मिलिमीटर जाडीचा थर ओलांडायला ऑक्सिजनच्या रेणूला सरासरी चार मिनिटं लागतात. तोच थर ०.१ मिलिमीटरचा झाला तर अडीच सेकंद पुरतात. अंतर दहापट घटलं की वेळ शंभरपट घटतो. वरून जाणाऱ्या पाण्याचा वेग वाढला की हा थर पातळ होतो, आणि आपण पंप लावतो तो यासाठीच.

प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. दिवे लागले की ते प्रकाशसंश्लेषण करतं आणि ऑक्सिजन इतका तयार होतो की बाहेर पडायला वाट मिळत नाही. केसाहून बारीक टोकाचे इलेक्ट्रोड प्रवाळाच्या पृष्ठभागाला टेकवून शास्त्रज्ञांनी हे मोजलं आहे. उजेडात तिथला ऑक्सिजन आसपासच्या पाण्याच्या दुपटीवर जातो, अंधार केला की काही मिनिटांत जवळजवळ शून्यावर येतो. दिवसा अतिरेक, रात्री घुसमट, आणि दोन्हींवर उतारा वाहत्या पाण्याचा. १९९८ साली जगभर प्रवाळ पांढरे पडले तेव्हा जपानच्या ओकिनावा बेटांजवळ सगळी प्रवाळं सारखी मेली नाहीत. नाकामुरा आणि व्हॅन वोसिक या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की या फरकामागचं एक कारण पाण्याचा वेग हे होतं. तापलेल्या पाण्यातही वेगवान प्रवाहात ठेवलेली ॲक्रोपोरा (फांद्यांचं दगडी प्रवाळ) तगली, मंद प्रवाहातली गेली. ठाण्यासारख्या उकाड्याच्या गावात टँक चालवणाऱ्यानं हे विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे.

प्रवाळ स्वतःही हातपाय हलवतो, हे तर फारच सुंदर आहे. २०१४ मध्ये एमआयटी आणि इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की प्रवाळाच्या त्वचेवरची सूक्ष्म, केसांसारखी रोमकं सतत हलतात आणि त्वचेलगतच्या पाण्यात इवले भोवरे तयार करतात. स्थिर थर ढवळायची त्याची ती धडपड. आपला पंप चुकीचा असेल तर सगळा भार या रोमकांवर येतो.

आता पंपांकडे वळू. चार फूट लांब, दीड फूट रुंद टँक, आत ४० सेंटिमीटर पाणी. दगड-वाळू वजा जाता २०० लिटर धरू. समोर दोन पंप आहेत. पहिला जुन्या धाटणीचा पॉवरहेड, तासाला ३,००० लिटर, तोंड २ सेंटिमीटर व्यासाचं. दुसरा पंख्याचा, ज्याला आपल्याकडे सरसकट वेव्हमेकर म्हणतात, तासाला १०,००० लिटर, तोंड ६ सेंटिमीटरचं. पहिला टँकभर पाणी तासाला १५ वेळा फिरवतो, दुसरा ५० वेळा. दुकानाच्या हिशेबानं दुसरा तिपटीहून जास्त जोरकस.

प्रत्यक्षात पहिल्याच्या तोंडातून पाणी सेकंदाला सुमारे २६५ सेंटिमीटर वेगानं सुटतं, दुसऱ्याच्या तोंडातून ९८. पुढे जाताना झोत आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, रुंदावतो आणि मंदावतो. द्रवगतिकीतलं झोताचं नेहमीचं सूत्र लावलं तर मीटरभर अंतरावर झोताच्या मध्यावर पहिल्याचा वेग उरतो सेकंदाला ३२ सेंटिमीटर, दुसऱ्याचा ३५. हा मोकळ्या पाण्यातला हिशेब आहे. टँकच्या काचांमध्ये दोन्ही आकडे खाली येतील, पण एकमेकांजवळच राहतील. कारण दूरवर काय पोहोचतं ते पाण्याच्या संवेगावर, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यावर, ठरतं, आणि थोडं पाणी जोरात फेकलं काय किंवा पुष्कळ पाणी सावकाश ढकललं काय, रेटा जवळपास तेवढाच भरतो. १५ पट आणि ५० पट या आकड्यांमध्ये एवढी तफावत, आणि टँकच्या दुसऱ्या टोकाला मिळणारा प्रवाह जवळजवळ एकच!

मग पंख्याचा पंप घ्यायचा कशासाठी? पहिलं कारण जवळच्या कोरलचं. पॉवरहेडपासून १० सेंटिमीटरवर पाणी अजून जवळजवळ पूर्ण वेगात असतं, म्हणजे सेकंदाला अडीच मीटरच्या वर. खारघरच्या एका घरी मी हॅमर कोरलवर त्याचा परिणाम जवळून पाहिला. झोताच्या बाजूचे त्याचे बोंडासारखे मांसल हात सांगाड्याच्या धारदार पात्यांवर सतत दाबले जात होते. त्या कडेला कातडी फाटून पांढरी पाती उघडी पडली होती, आणि दुसरी बाजू मात्र टपोरी फुललेली. एकाच कोरलच्या दोन बाजू, मध्ये पाच-सहा सेंटिमीटरचं अंतर. पंप फिरवून समोरच्या काचेकडे केला, तेव्हा कुठे ती बाजू फुगायला लागली.

दुसरं कारण विजेचं. झोतात भरलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरच्या दोन पंपांत पॉवरहेडच्या झोतात ३ वॅट जातात, पंख्याच्या झोतात जेमतेम १.४ वॅट, आणि रेटा उलट थोडा जास्तच मिळतो. मोटर याच्या कित्येक पट वीज खाते, म्हणून खोक्यावर लिटरच्या शेजारी छापलेले वॅट आवर्जून वाचा. पाण्यात बुडालेल्या पंपाचा प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन पाण्यातच राहतो. ४० वॅटचे पंप २०० लिटर पाणी दिवसाला सुमारे ४ अंशांनी तापवू शकतात, जर ती उष्णता कुठे निघून गेली नाही तर. आपल्याकडे ती सहजी निघत नाही. टँकवर पंखा लावून बाष्पीभवनानं पाणी थंड ठेवण्याची युक्ती नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालते. खाडीकाठच्या दमट हवेत मे महिन्यात ती निम्मीही चालत नाही. मग चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, आला, चिलरचं बिल आलं, आणि चिलर जी उष्णता खोलीत टाकतो ती काढायला एसी आला. बहुतेक कोरलना २४ ते २७ अंशांच्या आसपास बरं वाटतं. पंपांचे वाचवलेले पंधरा-वीस वॅट म्हणूनच इथे मोलाचे.

मोटर काचेच्या बाहेर आणि पंखा आत, मध्ये चुंबकाची पकड, अशी रचना इकोटेकच्या व्होर्टेक पंपांत असते. मोटरची बरीचशी उष्णता खोलीच्या हवेत जाते. महाग आहेत, पण उष्णतेचा हिशेब मांडला की किंमत पटते. घेण्याआधी काचेची जाडी मोजावी. चुंबकाची पकड ठरावीक जाडीपुरतीच असते, आणि आपले टँक बनवणारे दहा किंवा बारा मिलिमीटरची काच वापरतात.

वेग किती हवा? झोआ, मश्रूम, लेदर अशा मऊ कोरलना सेकंदाला पाच-दहा सेंटिमीटर पुरतात. हॅमर आणि टॉर्च कोरलचे मांसल हात डोलायला हवेत, एका बाजूला लोळायला नकोत. ॲक्रोपोरा-मॉन्टीपोरासारख्या शाखांच्या, दगडी कोरलना वीस सेंटिमीटरच्या पुढे, तेही दिशा बदलत, कारण दाट फांद्यांच्या आत पाणी एका बाजूनं शिरतच नाही. मोजायला यंत्र लागत नाही. काचेला बाहेरून मोजपट्टी चिकटवा, कोरलजवळ माशांच्या खाद्याचा बारीक कण सोडा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. कणानं ३० सेंटिमीटर दोन सेकंदांत कापले तर वेग पंधरा. टँकच्या चार-पाच जागी हे केलं की प्रवाह मंद असल्यानं वाळूवर लाल-जांभळा थर धरणारे कोपरे नेमके कुठले ते आपोआप कळतं.

दगडी कोरलचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मालवणला, विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात अंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावर, अगदी मुंबईत हाजी अलीच्या खडकांवरही प्रवाळ आहेत, आणि आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत. कुणी "लोकल आहे, स्वस्तात देतो" म्हणाला तर तिथून उठावं. परदेशी दगडी कोरल घेताना आयातीची कागदपत्रं मागावीत, ती दाखवत नसतील तर घेऊ नये.

समुद्रात पाणी एका दिशेला वाहत राहत नाही, ते येतं आणि जातं. हे घरात आणण्याचे प्रयत्न जुने आहेत. होनोलुलूच्या वायकीकी ॲक्वेरियममध्ये ब्रूस कार्लसन यांनी लावलेली युक्ती मला सगळ्यांत आवडते. उंचावर एक पिंप, त्यात पंपानं सावकाश पाणी चढवायचं. पातळी ठरावीक उंचीला पोचली की सायफन सुरू होतो आणि सगळं पाणी एकदम टँकमध्ये कोसळतं. पंपाखेरीज हलणारा भाग एकही नाही. आज तेच काम पंपांचा वेग बदलणारा कंट्रोलर करतो: दोन्ही टोकांना एकेक पंप, आळीपाळीनं कमीजास्त. जेबाओ कंपनीच्या साध्या पंपांबरोबरही असा कंट्रोलर येतो.

त्यात एक बटण लाटेचं असतं. टँकमधलं पाणी या टोकाकडून त्या टोकाला डचमळत जाऊन परत यायला ठरावीक वेळ घेतं. चार फुटी टँकमध्ये ४० सेंटिमीटर पाणी असेल तर साधारण १.४ सेकंद. पंपाचे ठोके या वेळेशी जुळवले की झोक्याला वेळेवर दिलेल्या हलक्या धक्क्यासारखं होतं, छोटा पंपही सगळं पाणी झुलवतो. तळाचं पाणी हलतं, दगडांमागचं हलतं, वीज कमी लागते. पण प्रत्येक हेलकाव्याला काचेचे सांधे आणि खालचा स्टँड ताण सोसत असतात. स्टँड थोडा जरी डुलताना दिसला तरी लाट लगेच उतरवावी.

सम्पमधून, म्हणजे टँकखालच्या जोडटाकीतून, पाणी वर आणणाऱ्या रिटर्न पंपाची जात वेगळी, त्याला उंची चढायची असते. खोक्यावर ४,००० लिटर आणि ३ मीटर असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ३ मीटरवर शून्य पाणी. दीड मीटरवर किती ते आलेखात बघून घ्यावं. त्याच्याकडून टँकमधल्या प्रवाहाची अपेक्षा ठेवू नये.

बऱ्याच कंट्रोलरमध्ये रात्री प्रवाह कमी करण्याची सोय असते. मी ती वापरू नये असंच सांगेन. रात्री शैवाल ऑक्सिजन तयार करत नाही, मासे-कोरल-जिवाणू सगळे तो घेत असतात, आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. शिवाय आपल्या घरांत रात्री खिडक्या बंद करून एसी चालतो, खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टँकचा पीएच खाली येतो. निदान एका पंपाचं तोंड वर करून पाण्याचा पृष्ठभाग रात्रभर हलता ठेवावा.

वर्ष-सहा महिन्यांत पंख्यावर चुन्याचा आणि गुलाबी शैवालाचा थर चढतो आणि पंप अर्धाही चालत नाही. पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ब्रशनं घासला की पुरतं. खरेदीच्या वेळी दुकानदाराला विचारावं की पंखा आणि त्याची सिरॅमिकची दांडी सुटी मिळते का. ती दांडी पडली की तुटते.

खर्चाचा एक वाटा बॅटरीसाठी राखून ठेवाच. २७ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे साधारण ६.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. आपल्या २०० लिटरमध्ये सगळा मिळून १.३ ग्रॅम, म्हणजे पाच लिटर हवेत असतो तेवढा. वीज गेली, पृष्ठभाग थांबला की एवढ्या शिदोरीवर सगळ्यांना जगायचं असतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली आणि काही भागांत ती यायला कित्येक तास लागले. डीसी पंप, म्हणजे बॅटरीसारख्या विजेवर चालणारा आणि वेग बदलता येणारा, इथे उपयोगी पडतो, कारण पंख्याचा वेग निम्मा केला की त्याला लागणारी शक्ती आठव्या हिश्शावर येते. मोटरचे आणि कन्व्हर्टरचे तोटे धरूनही १२ व्होल्टची लहान, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असा एक पंप मंद वेगात आठ-दहा तास चालवू शकते. घरच्या इन्व्हर्टरवर एसी पंप, म्हणजे थेट घरच्या विजेवर चालणारा, जोडायचा असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, हवा; स्क्वेअर वेव्हवर हे पंप घरघरतात आणि तापतात.

बॅटरीवर टँकमधला पंप जोडावा, तोंड पृष्ठभागाकडे करून. रिटर्न पंप बंद राहिला तरी चालतं. मात्र तो बंद पडल्यावर वरून उतरणारं सगळं पाणी सम्पमध्ये मावतं का, हे मेन स्विच बंद करून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यावं.