सक्ती नाही, पण सर्टिफिकेट दाखवा

२०२१ च्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीच्या गेटवर एक नवं रजिस्टर आलं. नाव, वेळ, फ्लॅट नंबर आणि शेवटचा रकाना 'दोन डोस झाले का'. आमच्या धुणंभांड्याच्या मावशींचा एकच झाला होता, दुसऱ्याला ८४ दिवस पूर्ण व्हायचे होते, आणि ते ८४ दिवस काही त्यांनी ठरवलेले नव्हते, सरकारनेच मे महिन्यात दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलेलं. तरी त्या अर्धा तास गेटजवळच्या कट्ट्यावर बसून राहिल्या आणि वर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. सेक्रेटरीकाकांनी शेवटी लिहिलं, "सक्ती कोणावरच नाही, पण सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय आत सोडता येणार नाही."

हे वाक्य मला फार आवडलं, म्हणजे राग आला म्हणून आवडलं. कारण लसीच्या सक्तीवरचा आपल्याकडचा सगळा इतिहास बघत गेलं तर हेच वाक्य वेगवेगळ्या कपड्यांत दिसत राहतं.

सुरुवात देवीपासून करावी लागते. माझी आजी कधी "लस टोचली" म्हणाली नाही, ती "देवी काढल्या" म्हणायची. दंडावर दोन गोल खळगे होते, चार आण्याच्या नाण्याएवढे, लहानपणी आम्ही त्यावर बोट फिरवायचो. रोगाचं नाव देवी, टोचण्याचं नावही देवी, आणि रोग झाला तर "देवी आल्या" म्हणायचं, म्हणजे पाहुणीसारख्या, त्यांना नाराज करायचं नाही. लस शोधणाऱ्या जेनरच्या आधीही देशाच्या बऱ्याच भागांत खऱ्या देवीच्या फोडातलं द्रव्य घेऊन टोचायची पद्धत होती, पथ्यपाणी आणि पूजेसकट. त्यात धोका होता, पण ओळखीचा माणूस यायचा आणि देवीला विचारूनच सगळं व्हायचं.

इंग्लंडमध्ये १७९६ ला जेनरने गायीच्या देवीतून लस काढली आणि १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली, हिंदुस्थानातली पहिली लस ती. तेव्हा बर्फ नाही, फ्रीज नाही, मग लस टिकवायची कशी, तर एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात, तिथून तिसऱ्याच्या. आता विचार करा, ज्या समाजात कोणाच्या हातचं पाणी प्यायचं याचे एवढे नियम, तिथे कोणाच्या तरी पोराच्या अंगातला पू आपल्या पोराच्या अंगात. लोकांनी विरोध केला याला नंतर साहेबांनी 'अंधश्रद्धा' म्हणून टाकलं. अंधश्रद्धा होतीच थोडी, पण हातातून हातात लस देताना दुसरे रोगही जायचे, हे साहेबाच्या देशातले लोकसुद्धा ओरडून सांगत होतेच.

आणि तिकडे तर ओरडा मोठाच होता. १८५३ ला इंग्लंडने बाळांना देवी काढणं सक्तीचं केलं, १८६७ ला कायदा आणखी कडक केला, दंड नाही भरला तर तुरुंग. १८८५ मध्ये लेस्टर शहरात हजारोंचा मोर्चा निघाला. शेवटी १८९८ ला पार्लमेंटने माघार घेतली, आईबापांनी मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन 'माझ्या मनाला पटत नाही' असं सांगितलं की सूट. आपल्याकडे मुंबई शहरासाठी १८७७ चा कायदा आणि मग १८८० चा व्हॅक्सिनेशन ॲक्ट, जो सरकार ठरवेल त्या म्युनिसिपालिटीत आणि छावणीत लागू व्हायचा. त्यात जुनी टोचणी बंद आणि मुलांना नवी लस सक्तीची. मनाला पटत नाही वगैरे कलम आपल्या वाट्याला आलं नाही.

ज्या १८९८ मध्ये इंग्लंडात ही सूट मिळाली त्याच वर्षी एप्रिलमध्ये येरवड्याला दामोदर चापेकरांना फाशी झाली, पुण्यातला प्लेगचा अधिकारी रँड याच्या खुनाबद्दल. हे दोन्ही शेजारी ठेवून बघायला हवं असं मला वाटतं.

प्लेगची गोष्ट पुण्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही असं आपण समजतो, पण बहुतेकांना रँडचा खून माहीत असतो आणि त्याच्या आधीचे तीन महिने माहीत नसतात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग निघाला, वर्ष संपता संपता पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला एपिडेमिक डिसीजेस ॲक्ट झाला, पानभराचा कायदा, पण त्यात सरकारला वाटेल ते नियम करायची मुभा. (हाच कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला, तोच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा.) मग वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग कमिटीचा प्रमुख झाला आणि मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या पेठांमधून घराघरात शिरायला लागल्या. देवघरात बूट घालून, स्वयंपाकघरात, माजघरात, बायाबापड्यांना रस्त्यावर उभं करून काखा-जांघांतल्या गाठी तपासायच्या, संशय आला की माणूस हॉस्पिटलात, घरचे सगळे सेग्रिगेशन कॅम्पात, सामान जाळायचं. रोग आटोक्यात आणायला वेगळं ठेवणं गरजेचं होतं, हे टिळकांनाही मान्य होतं, त्यांनी स्वतः हिंदूंसाठी प्लेग हॉस्पिटल काढलं. भांडण पद्धतीवर होतं, बंदूक घेऊन दारात कोण उभा आहे यावर होतं.

मोहीम सुरू व्हायच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. मुलाने, डॉ. यशवंतने, हडपसरजवळ माळावर दवाखाना काढला होता, मुंढव्याचं एक प्लेग झालेलं पोर त्यांनी पाठीवर घालून तिथे आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. प्लेगच्या पेशंटला घरातून दवाखान्यात नेणं सोल्जरही करत होते आणि सावित्रीबाईही. २२ जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटपून गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमधून रँड परत निघाला तेव्हा त्याच्यावर गोळी झाडली गेली, मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. त्या गव्हर्नमेंट हाऊसची इमारत आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, आणि विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचं नाव आहे. कोणी मुद्दाम जुळवून आणलं नसणार, पण विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की मला हे आठवतं.

आता प्लेगची लस. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने ती मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली, मग भायखळ्याच्या जेलमधल्या कैद्यांवर चाचणी. लस काम करत होती पण ताप जोरात यायचा, मजुराचे दोनतीन दिवस बुडायचे. सरकार रँडच्या प्रकरणाने आणि नंतर १८९८ च्या मुंबईच्या दंगलीने इतकं हबकलं होतं की प्लेगची लस सक्तीची करायची हिंमत झाली नाही. मग काय केलं, तर टोचून घेतलेल्याला सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट दाखवलं की कॅम्पात डांबण्यातून सूट. सक्ती नाही, पण! म्हणजे आमच्या सेक्रेटरीकाकांच्या सव्वाशे वर्षं आधी हे डोकं कोणीतरी चालवलं होतं.

मग ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. खापर हाफकिनवर फुटलं, नोकरी गेली, पाच वर्षांनी १९०७ मध्ये निर्दोष ठरला, बाटली गावातच उघडताना दूषित झाली होती असा निष्कर्ष निघाला. तोवर लोकांच्या मनात जे बसायचं ते बसलं होतं. सक्ती नव्हती हे त्यातल्या त्यात बरं, नाहीतर काय झालं असतं.

याच सुमारास अमेरिकेत १९०५ मध्ये सुप्रीम कोर्टाने जेकबसन नावाच्या पाद्र्याचा पाच डॉलरचा दंड कायम केला, देवीची लस नाकारली म्हणून. जगभरात सक्तीच्या बाजूने बोलणारे आजही हाच निकाल काढतात. गंमत म्हणजे त्यातही पकडून टोचायची परवानगी नव्हती, दंड भरा आणि जा. पण १९२७ मध्ये त्याच कोर्टाने याच निकालाचा आधार घेऊन एका बाईची सक्तीची नसबंदी योग्य ठरवली, हे सांगायला लोक विसरतात.

विरोध करणारे सगळे अडाणी असतात असंही नाही. गांधीजींचा देवीच्या लसीला विरोध होता, राजाजींनी, म्हणजे राजगोपालाचारींनी, १९५५ मध्ये क्षयावरच्या बीसीजी लसीच्या मोहिमेला विरोध केला. मला दोघांचंही म्हणणं पटत नाही. पण हेच गांधीजी जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याहून ससूनला आणले गेले, अपेंडिक्स, कर्नल मॅडॉक ऑपरेशन करणार, आणि गांधीजी कैदी. काही बरंवाईट झालं तर देश पेटेल, म्हणून श्रीनिवास शास्त्रींना बोलावून निवेदन लिहून घेतलं की डॉक्टरांवर माझा विश्वास आहे, ऑपरेशनला माझी संमती आहे, आणि गांधीजींनी थरथरत्या हाताने सही केली. ऑपरेशन चालू असताना वीज गेली, कंदिलावर पूर्ण केलं. ज्याच्या हातापायात बेड्या घालायचा अधिकार होता त्याच्या पोटाला हात लावायच्या आधी इंग्रज सरकार सही घेत होतं, रात्रीच्या वेळी, घाईत.

स्वातंत्र्यानंतर मात्र सही वगैरे फार कोणी विचारली नाही. देवी निर्मूलनाच्या शेवटच्या टप्प्यात, १९७४-७५ ला, बिहारकडे रात्री घरात शिरून धरून टोचल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे लोकांना आठवतं ते भिंतीवरचं गेरूने लिहिलेलं, देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. १९७५ च्या मे महिन्यानंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही, म्हणजे यश खरंच होतं, जगातलं मोठं यश. पण लगेच आणीबाणीत नसबंदी आली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून वाचलो. नंतर कितीतरी वर्षं सरकारी सुई म्हटलं की घरातली म्हातारी माणसं पोरांना आत घेऊन दार लावायची ती उगीच नाही. पोलिओवाल्यांना हे माहीत होतं, म्हणून दोन थेंब, बोटाला शाई आणि पुन्हा पुन्हा दारात येऊन गोड बोलणं.

आणि मग कोविड. राज्यातले पहिले पेशंट ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले. लसही पुण्यातूनच निघाली, १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे हडपसरच्या सीरममधून ट्रक निघाले, नारळ फोडून. आणि मे महिन्यात पुण्यातलीच तरुण मुलं कोविनवर स्लॉट मिळेना म्हणून रात्री मोबाईल घेऊन बसलेली, मिळाला तर कुठे, तालुक्याच्या आरोग्य केंद्रात, मग गाडी काढून तिकडे, आणि तिथले गावकरी म्हणतायत आमच्या वाटणीची लस शहरवाले घेऊन चालले. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याचं तर विचारूच नका. म्हणजे वर्षाच्या पहिल्या अर्ध्यात लस मागितली तर मिळत नव्हती आणि दुसऱ्या अर्ध्यात घेतली नाही तर दार बंद.

१५ ऑगस्टपासून मुंबईत लोकल फक्त दोन डोसवाल्यांना. नोव्हेंबरात औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, निदान एक डोस नसेल तर पेट्रोल नाही, रेशन नाही. २७ नोव्हेंबरचा राज्याचा आदेश, दुकानं, मॉल, कार्यक्रम, सगळीकडे पूर्ण लसीकरण. जानेवारी २०२२ मध्ये पुण्यात हॉटेल, सरकारी ऑफिस, पीएमपीची बस. त्याच महिन्यात केंद्र सरकार सुप्रीम कोर्टात सांगत होतं की संमतीशिवाय लस द्यावी असं आमच्या गाइडलाइन्समध्ये कुठेच नाही. दोन्ही खरं होतं. फेब्रुवारीत मुंबई हायकोर्टाने मुख्य सचिवांनी काढलेले लोकलचे आदेश नियमाप्रमाणे काढलेलेच नाहीत म्हणून फटकारलं, तरी मार्चच्या नव्या आदेशात अट राहिलीच, ती गेली गुढीपाडव्याला, सगळेच निर्बंध उठले तेव्हा.

२ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, जेकब पुलियल यांच्या याचिकेवर. कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, आपल्या शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो, पण सरकारचं धोरण मनमानी नाही आणि साथीत व्यक्तीच्या हक्कावर बंधनं घालताही येतात, फक्त ती प्रमाणात हवीत. लस न घेतलेल्यापासून संसर्ग जास्त पसरतो हे दाखवणारी आकडेवारी राज्यांनी पुढे ठेवली नाही, तेव्हा रुग्ण कमी असेपर्यंत अशी बंधनं मागे घ्या. दोन्ही बाजूंनी हा आपलाच विजय म्हणून फॉरवर्ड केला, पूर्ण किती जणांनी वाचला कोण जाणे.

माझं मत सांगायचं तर मी दोन्ही घेतले, बूस्टरही घेतला, आईला ओढून नेलं. मला लसीवर शंका नाही. माझी शंका त्या 'पण'वर आहे. कारण नोव्हेंबर २०२२ मध्ये, लसीनंतर ज्यांच्या मुली गेल्या अशा दोन घरांनी नुकसानभरपाई मागितली तेव्हा केंद्राने सुप्रीम कोर्टात उत्तर दिलं की लस घेणं कायद्याने बंधनकारक नव्हतंच, सरकारला जबाबदार धरता येणार नाही, दिवाणी कोर्टात जा. अशा घटना फार फार विरळ, हे मान्य. तरी १८८० चा कायदा निदान 'सक्ती' हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारत होता. गेटवर रजिस्टर ठेवायचं आणि कोर्टात म्हणायचं रजिस्टर कुठलं, हे नवीन.

मावशींचा दुसरा डोस डिसेंबरात झाला. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे वीस रुपये देऊन त्यांनी सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं, पुढे-मागे दोन्ही डोस. गेटवरचं रजिस्टर पाडव्यानंतर गेलं. कार्ड अजून त्यांच्या पाकिटात आहे, आधार आणि रेशनकार्डाच्या मध्ये.