क्रॉल स्पेस: खाली प्लास्टिक टाकणं वेगळं आणि बंद करणं वेगळं

नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली, कॅरी, शार्लट भागात घर घेणाऱ्या आपल्या लोकांच्या इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये बऱ्याचदा एक ओळ असतेच, की क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे घराच्या फरशीखालच्या बुटक्या मोकळ्या जागेत, ओल आहे. मग कामाच्या खर्चाचे दोन कोट येतात, एक व्हेपर बॅरिअरचा आणि एक एन्कॅप्सुलेशनचा, दुसरा पहिल्याच्या कित्येक पट. फोटोत दोन्हीकडे जमिनीवर प्लास्टिकच दिसतं, त्यामुळे वाटतं दुसरा कॉन्ट्रॅक्टर गंडवतोय. कधीकधी गंडवतोही, पण कामं खरंच वेगळी आहेत.

व्हेपर बॅरिअर म्हणजे मातीवर अंथरलेलं पॉलिथिन, साधारण 6 मिल म्हणजे 0.15 मिलीमीटर जाड. मातीतून वर येणारी वाफ अडवायची, बास, आणि ते काम ते छान करतं. क्रॉल स्पेसच्या भिंतीतले व्हेंट, म्हणजे हवेचे झरोके, मात्र उघडेच राहतात, कारण जुना हिशोबच तसा होता, दर 150 चौरस फुटांमागे 1 चौरस फूट व्हेंट ठेवा, वारं खेळेल आणि खालचं सगळं सुकेल.

गोची इथेच आहे. नॉर्थ कॅरोलायनातलं जुलैचं वारं काही सुकवत नाही हो! बाहेर 32 अंश सेल्सिअस आणि 60 टक्के आर्द्रता असेल तर ती हवा 23 अंशांपर्यंत गार झाली की पाणी सोडायला लागते, आणि घराखाली तर एसीची हवा नेणारे गारेगार डक्ट, खाली गार माती, वर एसीने गार झालेलं लाकूड. म्हणजे व्हेंटमधून ओल आपणच आत घेतोय. टॉर्च घेऊन खाली शिरलात तर डक्टच्या पोटाला थेंब लटकलेले दिसतील, जॉइस्टमधलं, म्हणजे फरशीखालच्या लाकडी तुळयांमधलं, फायबरग्लासचं इन्सुलेशन भिजून लोंबत असेल, आणि खालचं प्लास्टिक मात्र जागच्या जागी, एक सुरकुती नाही. काम चोख झालंय, फक्त पाणी मातीतून आलेलंच नाही.

एन्कॅप्सुलेशनमध्ये व्हेंट बंद करतात, प्लास्टिक जाड घेतात, ते भिंतींवर चढवतात, खांबांना गुंडाळतात, जोड टेपने बंद करतात, आणि आतली हवा कोरडी ठेवायला डिह्युमिडिफायर लावतात किंवा एसीची थोडी हवा आत सोडतात. हे शेवटचं कोटमध्ये नसेल तर ते एन्कॅप्सुलेशन नाहीच, महागडं व्हेपर बॅरिअर आहे, सरळ विचारा कॉन्ट्रॅक्टरला. आणि भिंतीच्या वरच्या कडेला तीनेक इंच पट्टा उघडा सोडायला लावा, नाहीतर वाळवी आलेली कळणारच नाही.

याची नीट तुलना झालीय, तीही याच राज्यात. रॅलीच्या ॲडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने 2000 नंतरच्या काही वर्षांत प्रिन्सव्हिल गावातली 12 घरं घेतली, काहींचे व्हेंट उघडे ठेवले, बाकीच्यांचे बंद केले, आणि गंमत म्हणजे उघड्या व्हेंटवाल्या घरांतही मातीवर प्लास्टिक होतंच. तरी उन्हाळ्यात तिथली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जायची आणि बंद क्रॉल स्पेस 60 च्या आसपास किंवा खाली राहायचे, वर एसी-हीटिंगचा खर्चही सरासरी 15 टक्क्यांहून जास्त वाचला.

म्हणून सगळ्यांनी एन्कॅप्सुलेशन करावं असं नाही. कोरड्या हवेच्या राज्यात बऱ्याचदा नुसतं प्लास्टिक पुरतं. खाली गॅसचा वॉटर हीटर हवा तिथूनच घेत असेल तर व्हेंट बंद करायच्या आधी तज्ज्ञाला दाखवा, ते जिवावर बेतू शकतं, आणि रेडॉनची, म्हणजे मातीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची, टेस्टही करून घ्या. पावसानंतर खाली चक्क पाणी साचत असेल तर दोन्ही कोट बाजूला ठेवा, आधी छपराच्या पन्हळीचे पाइप घरापासून लांब न्या आणि मातीचा उतार बाहेरच्या बाजूला करा.

कोटवर सही करायच्या आधी आर्द्रता मोजणारा एक स्वस्तातला हायग्रोमीटर खाली ठेवा, तोही उन्हाळ्यात, कारण जानेवारीतला आकडा बघून काही कळत नाही. माती झाकलेली असून, पाणी साचत नसूनही आकडा आठवडाभर 70-80 टक्क्यांच्या खाली येत नसेल तर ओल बहुधा व्हेंटमधून येतेय, तिथे जुन्या प्लास्टिकवर नवं प्लास्टिक टाकून काहीही होणार नाही.