आलेलं उत्तरच आडवं येतं

एक गणित करून बघा. तीन भांडी आहेत, 21, 127 आणि 3 मापांची, आणि तुम्हाला बरोब्बर 100 मापं पाणी हवंय. मोठं भांडं भरायचं, त्यातून पहिलं एकदा भरून घ्यायचं, राहिलं 106, मग छोटं दोनदा भरलं की झालं काम. आता अशीच चार-पाच गणितं लागोपाठ दिली, सगळी ह्याच पद्धतीने सुटणारी, आणि मग विचारलं की भांडी 23, 49 आणि 3 ची, पाणी हवंय 20, तर बहुतेक जण परत मोठं भांडंच भरायला घेतात. उत्तर येतं हो, पण 23 मधून 3 काढले की संपलं ना!

अब्राहम लुचिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1942 साली हे प्रयोग छापले. ज्यांना आधीची गणितं दिलीच नव्हती ते सरळ वजाबाकी करून मोकळे. आणि खरी गंमत पुढेच आहे, भांडी 28, 76, 3 आणि हवंय 25, इथे लांबची पद्धत चालतच नाही आणि 28 वजा 3 डोळ्यासमोर आहे, तरी आधीची गणितं केलेले बरेच जण अडकून बसले.

आता कोणी म्हणेल हा आळस आहे, डोकं चालवायला नको. मला नाही पटत. 2008 मध्ये बिलालिच, मॅक्लिओड आणि गोबे ह्या तिघांनी बुद्धिबळातल्या तयारीच्या खेळाडूंना एक डाव दिला, त्यात घोड्याने कोंडून मात करायची सगळ्यांना पाठ असलेली पाच चालींची युक्ती होती आणि तीन चालींत मात करायचा कमी ओळखीचा रस्ताही होता. पाच चालींची मात सापडल्यावर खेळाडू सांगत होते की आम्ही अजून छोटी मात शोधतोय, आणि ते खोटं बोलत नव्हते, पण त्यांची नजर कुठे जाते हे कॅमेऱ्याने टिपलं जात होतं आणि ती परत परत त्या जुन्या युक्तीच्याच घरांवर जात होती. मग पटावर थोडा बदल करून ती ओळखीची मात बंद केली, तर तशाच तयारीच्या खेळाडूंना तीन चालींची बरोब्बर दिसली.