एसीचा गॅस वापरून संपत नाही
मार्च उजाडला की सांगली-मिरजेत घरोघरी हेच ऐकू येतं : "एसी गार करत नाही, गॅस संपला असेल, भरून घ्या." पण हा गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे. तांब्याच्या बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे मेकॅनिक सिलिंडर घेऊनच आला. मी म्हटलं, दादा, आधी बाहेरचं युनिट उघडून बघा. मागच्या जाळीत उसाचं पाचट जाळल्याची काळी राख गच्च बसली होती. बटण बंद करून जाळी पाण्याने धुतली, आतला फिल्टरही धुतला. अर्ध्या तासात खोली गार!

गॅस खरंच कमी असेल, तर गळती आहेच. नळीच्या जोडावर तेलकट डाग दिसतो, साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. आधी ती गळती काढायला लावा. मग व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढून, युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरून घ्या.