क्षयरुग्णांचा शोध आणि ७० टक्क्यांचे उद्दिष्ट

१९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने घरोघरी जाण्याऐवजी दवाखान्यात आलेल्या खोकल्याच्या रुग्णाची थुंकी तपासण्याचा मार्ग पत्करला. कर्नाटकातील तुमकूर भागातील पाहणीत थुंकीत क्षयाचे जंतू आढळलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आधीच कुठल्यातरी दवाखान्यात जाऊन आल्याचे दिसले होते, आणि तुटपुंज्या साधनांच्या देशाला तेवढा आधार पुरेसा वाटला. पुढची तीन दशके निधी आणि औषधांच्या टंचाईत गेली.

१९९७ पासून सुधारित कार्यक्रम देशभर पसरू लागला तो दोन आकडे घेऊन: थुंकीत जंतू असलेल्या नव्या रुग्णांपैकी ८५ टक्के बरे करायचे आणि अशा अंदाजित रुग्णांपैकी किमान ७० टक्के शोधायचे. उपचाराची घडी बसण्याआधी शोध वाढवू नये, अशीही शिस्त होती. अर्धवट उपचारांतून औषधांना दाद न देणारा क्षय वाढतो, हे तिचे कारण सयुक्तिकच होते. खरा घोळ ७० टक्के कशाचे, यात होता. लहान मुलांमधील संसर्गाच्या वार्षिक प्रमाणावरून रुग्णसंख्येचा अंदाज बांधला जाई: एक टक्का संसर्ग म्हणजे लाखामागे ५० नवे रुग्ण, असा तो हिशेब. त्यानुसार देशासाठी लाखामागे ७५, तर महाराष्ट्राचा समावेश असलेल्या पश्चिम विभागासाठी ८० रुग्ण धरले गेले. नागपूर शहराची दाटी आणि रामटेक-पारशिवनीचा जंगलपट्टा यांना एकच मोजपट्टी लागली. त्यातच भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाटचे रुग्ण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत येत. निदान इथे व्हायचे, उपचारांची नोंद त्यांच्या जिल्ह्यात. वाटेतच हरवलेला रुग्ण कोणत्याच उपचार-नोंदवहीत येत नसे. नागपूरच्या धंतोली, रामदासपेठेतील खासगी रुग्णालयांत उपचार घेणारेही बव्हंशी या गणतीबाहेरच राहिले, आणि २००७ मध्ये देशाने ७० टक्क्यांचा टप्पा गाठल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्यांचा विचार फारसा कोणी केला नाही.

तो विचार २०१२ मध्ये करावा लागला. त्या वर्षी खासगी डॉक्टरांनाही रुग्णाची नोंद कळवणे बंधनकारक झाले आणि क्षयनिदानासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या, पण बेभरवशाच्या रक्तचाचण्यांवर बंदी आली. २०१६ मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाने भारतातील वार्षिक नव्या रुग्णांचा अंदाज २२ लाखांवरून २८ लाखांवर नेला. भाजकच बदलल्यावर जुन्या यशाचे काय, याचे सरळ उत्तर मिळाले नाही. जनुकीय चाचणीची सीबीनॅट, ट्रूनॅट यंत्रे आल्याने सूक्ष्मदर्शकातून निसटणारे रुग्णही सापडू लागले. २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले, त्यामुळे नोंदीत राहण्यात रुग्णाचाही लाभ निर्माण झाला.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नसल्याचे आढळले, आणि छातीचा एक्स-रे काढला नसता तर ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण निसटले असते. रुग्ण आपणहून दवाखान्यात येईल, या १९६२ च्या गृहीतकाला हा मोठा धक्का होता. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या १०० दिवसांच्या मोहिमेत खोकला नसलेल्या जोखमीच्या व्यक्तींचेही एक्स-रे काढले गेले.